नगरी मुलखातील भुईखालची घरे

ज्या जिल्ह्याचे नाव घेताच अवर्षण, जनावरांच्या छावण्या आणि दुष्काळी कामावरची खडी यांचीच आठवण प्रथम व्हावी, त्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या जुन्या घरबांधणीत ओल या एका शत्रूचा इतका खोल आणि चिकाटीचा विचार केलेला आढळावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. जिल्ह्याची वार्षिक पर्जन्याची सरासरी सुमारे साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर. आणि पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर या तालुक्यांत तर दोन चांगली वर्षे लागोपाठ येणे हा भाग्ययोगच मानावयाचा. परंतु विसंगतीचा उलगडा याच अवर्षणात आहे. पाऊस बेभरवशाचा, म्हणून एका सुकाळातील धान्य पुढील दोन-तीन वर्षांसाठी राखून ठेवणे भाग. मुलूख उघडा, मोगल, मराठे, निजाम आणि पुढे पेंढारी या सर्वांच्या वाटेवरचा, म्हणून ते धान्य दृष्टीआड करणे भाग. आणि सपाट माळरानावर दृष्टीआड म्हणजे भुईखाली. भुईखाली ठेवलेल्या वस्तूला चोराचे भय कमी, अग्नीचे भय जवळजवळ नाही. उरते ते एका ओलीचे. वर्षातून मोजके दिवस पडणारा पाऊस जर त्या मोजक्या दिवसांत पेवात, म्हणजे भुईत खणलेल्या धान्याच्या खड्ड्यात, शिरला, तर पुढच्या दुष्काळात सारे कुटुंब उपाशी राहणार, हे ज्यांना पक्के ठाऊक होते, त्या लोकांनी कोरडेपणाची एक संपूर्ण विद्या उभी केली होती. तिचा कोणी ग्रंथ केला नाही; ती हातांत होती, आणि म्हणून हातांबरोबरच ती गेली.

याच जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या कुशीत, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथील महादेव कोळी किंवा ठाकर कुटुंबाने धान्य भुईखाली ठेवण्याचा विचारही कधी केला नाही. तेथे भात, नागली, वरई ही कणगीत, म्हणजे बांबूच्या विणलेल्या आणि शेणामातीने लिंपलेल्या पिंपवजा कोठीत, जमिनीपासून उंच, आणि शक्य तर चुलीच्या धुराच्या वाटेवर ठेवीत. पूर्वेकडे शेवगाव-पाथर्डीच्या शेतकऱ्याने ज्वारी खाली उतरवली, पश्चिमेकडे अकोल्याच्या शेतकऱ्याने भात वर चढवले. एकाच जिल्ह्याच्या सीमेत एका प्रश्नाची दोन विरुद्ध उत्तरे नांदत होती आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती. मला या विद्येचे मर्म येथेच दिसते. ओलीवर सर्वत्र चालेल असा एक उपाय नाही. माती कोणती, पाणी कोठे उभे राहते, वारा कोणत्या महिन्यात कोरडा असतो, हे त्या जागेपुरते जाणून घ्यावे लागते.

या ज्ञानाचे वय किती असावे? श्रीगोंदे तालुक्याच्या सीमेलगत, घोड नदीच्या काठी, पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 पासून अनेक वर्षे जे उत्खनन केले, त्यात सुमारे तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत धान्य साठविण्याचे खड्डे सापडले, आणि त्यांच्या आतल्या बाजूला चुन्याचा लेप दिलेला होता. जोर्वे, नेवासे, दायमाबाद ही याच संस्कृतीची स्थळे तर नगर जिल्ह्यातलीच. संगमनेर तालुक्यातील जोर्व्याचे नाव त्या संपूर्ण संस्कृतीला मिळाले. ज्या माणसाजवळ लोखंड नव्हते, ज्याचे घर कुडाचे आणि मातीचे होते, त्याला भुईत खणलेल्या खड्ड्याच्या अंगातून ओल येते आणि चुना ती आवरतो, एवढे कळलेले होते. चुनखडी भाजावी लागते, ती विझवावी लागते, मग लेप देता येतो. एवढा खटाटोप कोणी हौसेखातर करीत नाही. त्या लेपामागे नासलेल्या धान्याचा अनुभव उभा आहे, असे मानण्यास हरकत नाही.

शास्त्रग्रंथांत हाच विचार राजाच्या कोशासंबंधाने आलेला आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात सन्निधात्याचे, म्हणजे कोशागार व कोठारे यांच्या अधिकाऱ्याचे, कर्तव्य सांगताना भूमिगृह कसे बांधावे याची तपशीलवार तजवीज दिली आहे. जेथे पाणी नाही आणि पाण्याचा ओलावाही झिरपत नाही अशी चौकोनी खणती प्रथम करावी, तिचा तळ आणि बाजू रुंद शिळांनी बांधून काढाव्या, आत भक्कम लाकडाचा सांगाडा उभारावा, तीन तळांची रचना करावी, आणि दार एकच ठेवावे. येथे क्रम पाहण्यासारखा आहे: चोराचा बंदोबस्त, दार, जिना हे सारे मागाहून, पहिली अट ओलाव्याची. त्याच प्रकरणात धान्याच्या कोठारात पर्जन्य मोजण्यासाठी एक हातभर तोंडाचे कुंड ठेवावे असेही सांगितले आहे. पाऊस मोजण्याचे साधन आणि धान्य ठेवण्याची जागा एकाच अधिकाऱ्याच्या हाती द्यावी, ही दूरदृष्टी दुष्काळी मुलखातल्या माणसाला चटकन उमजते.

आता नगरी मुलखातील पेवाकडे वळू. दख्खनच्या प्रत्येक गावाची भूमी काळी आणि पांढरी अशी दुभागलेली. काळीत पीक, पांढरीत वस्ती. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, उन्हाळ्यात हातहात भेगाळते. तिच्यात खणलेला खड्डा पावसाळ्यात भिंतींकडून ढासळतो आणि आत पाझर फुटतो. पांढरीची जागा बहुधा उंचवट्यावर. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या भिंतींची माती, चुलीची राख आणि चुनखडीचे खडे यांनी ती चढत गेलेली. तिच्याखाली मुरूम लागला तर पाणी थांबत नाही, निघून जाते. म्हणून पेव काळीत कोणी खणीत नसे. ते पांढरीत, घराच्या ओसरीखाली, अंगणात, कधी गल्लीच्या मध्यभागी, आणि बहुतेक गावकुसाच्या आत. खणण्याचे काम वडारांचे. तोंड माणूस कसाबसा आत उतरेल एवढे अरुंद, खाली पोट प्रशस्त, तळ पुन्हा थोडा आवळलेला. रांजणच जणू भुईत पुरून ठेवला आहे अशी ती आकृती. तोंड अरुंद ठेवण्याचे कारण केवळ चोराचे भय नव्हे. जितके तोंड लहान तितके पावसाचे पाणी आणि पावसाळी हवा अडविणे सोपे.

खणून झाल्यावर पेव लगेच भरीत नसत. आत कडबा, काटक्या, गोवऱ्या पेटवून ते चांगले तापवीत, भिंतींची माती भाजून कडक होईपर्यंत. ओलसर माती भाजली की तिच्यातील पाणी जाते आणि पृष्ठभाग काहीसा विटेसारखा होतो. मग तळाला भुसा, कोंडा किंवा काड यांचा जाड थर, बाजूंना उभ्या कडब्याचे किंवा पेंढ्याचे अस्तर, कोठे कोठे त्यात कडुनिंबाचा पाला. अस्तराचा हेतू असा की भिंतीतून जी थोडी ओल येईल ती काडाने प्यावी, दाण्यापर्यंत पोचू नये. रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात निघते, खळ्यात मळून चैत्राच्या उन्हात पडते, आणि वैशाखात, मृगाच्या पुष्कळ आधी, पेवात जाते. दाणा दाताखाली घालून कडक फुटला पाहिजे, ही त्याची कसोटी. आजचे शास्त्र सांगते की दाण्यातील पाण्याचे प्रमाण शेकडा बाराच्या आसपास असले तर बुरशी धरत नाही. त्या शेतकऱ्याचे दात तेच मोजीत होते. शेवटी तोंडावर दगडी फरशी, तिच्या सांधीला चिखल, वर माती चोपून केलेला लहानसा उंचवटा, पाणी चोहीकडे निथळून जावे म्हणून.

बंद पेवात पुढे काय घडते ते जाणण्यासारखे आहे. दाणा सजीव असतो. तो, त्यातील किडे आणि बुरशी, सारेच आतील प्राणवायू वापरून टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. काही काळाने पोरकिडा जगू शकत नाही, बुरशीची वाढ थांबते, आणि धान्य जसे ठेवले तसे वर्षानुवर्षे राहते. भिंतीलगतचा चार-सहा बोटांचा थर मात्र बहुधा काळवंडतो, त्याला कुबट आंबूस वास येतो. तो वेगळा काढून जनावरांना घालीत. पेवातील ज्वारीचा वास जुन्या माणसांना ओळखू येई, तशी भाकरी मुलांना आवडत नसे, पण दुष्काळात तीच भाकरी जीव वाचवी.

परंतु ज्या वायूने किडा मरतो त्याच वायूने माणूसही मरतो. पेव उघडताच त्यात उतरलेले आणि गुदमरून गेलेले गडी, त्यांना काढण्यासाठी पाठोपाठ उतरलेला भाऊ किंवा बाप, अशा दुर्घटना दख्खनच्या गावांनी पुष्कळ सोसल्या आहेत. म्हणून फरशी सारल्यावर ते पेव काही काळ उघडे ठेवावे, दोराने दिवा आत सोडावा, तो विझला तर कोणी उतरू नये, असा दंडक होता. येथे एक दूरचा साक्षीदार काढावासा वाटतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार व्हॅरो याने शेतीवर जे पुस्तक लिहिले, त्यात भुईखालच्या धान्यखड्ड्यांचे वर्णन आहे. अशा खड्ड्यात तळाला काड घालतात, ओल आणि हवा लागू देत नाहीत, आणि तेथे गहू पन्नास वर्षे, तर बाजरीवर्गीय धान्य शंभराहून अधिक वर्षे टिकते, असे तो सांगतो. आणि पुढे बजावतो की खड्डा उघडल्यावर लगेच आत उतरू नये, काही जण त्यात गुदमरून मेले आहेत. व्हॅरोला शेवगाव ठाऊक नव्हते आणि शेवगावच्या कुणब्याला व्हॅरो. कोरड्या मुलखांनी एकमेकांपासून हजारो कोसांवर, एकमेकांस न विचारता, तीच युक्ती काढली आणि तीच किंमत मोजली.

खुद्द नगर शहराची गोष्ट मात्र निराळी. मलिक अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसविलेले हे शहर मुळातच पाणी भुईखालून खेळविण्याच्या कसबावर उभे राहिले. कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांनी जमिनीखालून पाणी आणून ते हौदांत, बागांत आणि महालांत सोडलेले होते. ज्या कारागिराला मातीच्या नळांचे सांधे चुन्याने असे भरता येत होते की कोसभर गेलेले पाणी वाटेत गळू नये, त्यालाच तळघराची भिंत अशी बांधता येत होती की बाहेरचे पाणी आत येऊ नये. कसब एकच, दिशा तेवढी उलटी. भुईकोट किल्ल्याला 1559 ते 1562 या काळात हुसेन निजामशहाने दगडी रूप दिले. भोवती खंदक, आणि खंदकाच्या आत दारूगोळा व धान्य. डोंगरी किल्ल्यावर पाणी खाली वाहून जाते. भुईकोटात ते भोवती उभे असते, आणि म्हणून भुईकोटाच्या तळघराची काळजी अधिक. शहराच्या पूर्वेस, ज्याला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, त्या सलाबतखानाच्या अष्टकोनी कबरीतही थडगी तळघरातच आहेत. पण ती इमारत शहा डोंगराच्या माथ्यावर आहे, आणि तेथे पाणी साचण्यास जागाच नाही.

या साऱ्या बांधकामाचा प्राण म्हणजे चुना, आणि चुन्याचे मूळ लोणारी. नगर जिल्ह्याच्या माळांवर आणि ओढ्यांच्या काठी चुनखडीचे खडे विपुल. ते वेचून भट्टीत भाजणे हा लोणाऱ्यांचा परंपरागत व्यवसाय. भाजलेला कळीचा चुना विझवून, वाळू आणि विटांची भुकटी घालून, बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली तो दिवसेंदिवस मळीत. त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा आणि बेलफळाचा काढा घालीत. अशा चुन्याचा गिलावा हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड बनतो, आणि तरीही त्याची सूक्ष्म छिद्रे मोकळी राहतात. भिंतीत शिरलेली ओल त्या छिद्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. चुन्याच्या अंगात क्षार असल्यामुळे त्यावर बुरशी सहज धरत नाही. ओल येणारच नाही असा दावा त्या भिंतीने कधी केला नाही. आलेल्या ओलीला परत जाण्याची वाट तिने उघडी ठेवली, आणि दगडी-मातीच्या बांधकामात याहून शहाणी योजना मला दिसत नाही.

तळघर आणि ओल यांविषयी मराठी राज्यकारभारातील सर्वांत नेमका दस्तऐवज म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात दुर्गप्रकरणी दारूखान्याविषयी जी आज्ञा आहे, ती वाचताना अमात्यांनी भिजलेली दारू स्वतः पाहिली असावी, असा भास होतो. दारूखाना वस्तीच्या घरांपासून वेगळा असावा. त्याला तळघर असावे आणि त्यात गच्च, म्हणजे चुन्याचा पक्का कोबा, करावा. आत माच घालून दारूची मडकी त्या माचावर ठेवावी, म्हणजे ती भुईला टेकू नयेत. सरदी लागू देऊ नये. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन सारा माल बाहेर काढावा, ऊन द्यावे, आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावा, असा त्या आज्ञेचा आशय. गच्च केल्याने काम संपत नाही, हे अमात्य जाणतात. चांगल्यात चांगले तळघर बांधले तरी आठ-पंधरा दिवसांनी ते उघडणारा माणूस नेमावा लागतो, त्याच्यावर जबाबदारी ठेवावी लागते, मुद्रेने ती नोंदवावी लागते. कोरडेपणा हा तेथे बांधकामाचा गुण नसून कारभाराचा भाग आहे.

दारूची काळजी एवढी का, तर बंदुकीच्या दारूतील मुख्य द्रव्य सोरा, आणि अशुद्ध सोऱ्यातील इतर क्षार हवेतील पाणी ओढून घेतात. हा सोरा येई कोठून? पुष्कळसा जुन्या गावांच्या पांढरीतून, गोठ्यांच्या पडक्या भिंतींतून. गुराढोरांच्या मूत्राने मुरलेल्या मातीत हे क्षार तयार होतात, ओल त्यांना विरघळवून भिंतीच्या पृष्ठावर आणते, पाणी उडून जाते आणि पांढरा फुलोरा मागे राहतो. घरधनी त्याला भिंतीस लोणा लागला म्हणून हळहळतो. सोरा काढणारा तीच माती खरवडून नेतो. 1595-96 च्या वेढ्यात मोगलांनी नगरच्या तटाखाली सुरुंग पेरले, चांदबिबीच्या माणसांनी आतून खणून त्यांपैकी काहींतील दारू काढून घेतली, आणि उरलेल्या एका सुरुंगाने तटाला भगदाड पडले, हा इतिहास प्रसिद्ध आहे. त्या भुयारांतील दारू कोरडी राखण्यासाठी दोन्ही बाजूंनी किती खटपट केली असेल, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही.

जामगावचा महादजी शिंद्यांचा वाडा किंवा खर्ड्याची निंबाळकरांची गढी यांसारखी मोठी बांधकामे बाजूला ठेवली, तरी देशमुख, पाटील, कुलकर्णी आणि सावकार यांच्या वाड्यांत भुईखालची एखादी खोली किंवा भिंतीच्या जाडीत दडविलेले बळद असे. धान्य, भांडी, दागिने, खतपत्रे, मोडी दप्तराचे रुमाल यांची ती जागा. वाड्याचे जोते काळ्या दगडाचे, कमरेएवढे किंवा त्याहून उंच. त्याच जोत्यात बाहेरच्या बाजूस हात जाईल न जाईल एवढे झरोके. भुई मुरूम आणि पांढरी माती घालून धुम्मसाने चोपलेली, वर शेणाचे सारवण. माळवदावर खारी माती, कारण ती भिजली की घट्ट मिटते आणि पाणी खाली सोडत नाही. छपराचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडू नये म्हणून पन्हळ पुढे काढलेली, अंगणाला बाहेरच्या बाजूस उतार. तळघरातील कुबट वासाचे मूळ पुष्कळदा तळघरात नसतेच. ते बाहेर, पागोळीच्या रेषेत असते, आणि वाडे बांधणाऱ्यांचे लक्ष म्हणूनच आधी बाहेर जाई.

तळघर कधी उघडावे आणि कधी मिटावे, यात त्या विद्येचा अत्यंत सूक्ष्म भाग आहे. आजचा सामान्य समज असा की कोंदट जागेला वारा दिला की ती सुकते, म्हणून पाऊस उघडला की आपण खिडक्या उघडतो. जुन्या घरांत मृग लागण्यापूर्वी झरोके बोळे घालून बंद करीत आणि दसऱ्याच्या सुमारास ते काढीत. याला भक्कम कारण आहे. भुईच्या पोटातील भिंती वर्षभर जवळजवळ सारख्याच तापमानाच्या असतात. आषाढ-श्रावणातील बाहेरची हवा उबदार आणि पाण्याने भरलेली. ती आत शिरून थंड भिंतीला टेकली की तिच्यातील पाणी भिंतीवर उतरते. पावसाळ्यात वारा दिलेले तळघर अधिक ओले होते. हिवाळ्यात उलट घडते. मार्गशीर्ष-पौषातील पहाटेची हवा थंड आणि कोरडी असते, थंड हवा जड असल्यामुळे ती आपोआप खाली उतरते, आतील उबदार दमट हवेला वर ढकलते, आणि स्वतः उबदार होताना भिंतीतील ओल शोषून घेते. म्हणून थंडीत पहाटे दार उघडे. आणि चैत्र-वैशाखात, नगरचा पारा चाळिसाकडे जातो त्या दिवसांत, सारे सामान बाहेर काढून उन्हात घालावयाचे, भिंती खरडावयाच्या, चुन्याचा हात द्यावयाचा.

हे सारे कोण करी? वाड्याच्या इतिहासात सरदाराचे, सावकाराचे, फार तर गवंड्याचे नाव येते. पण तळघर दरसाल कोरडे ठेवणारे हात घरातील स्त्रियांचे, कुणबिणींचे आणि बलुतेदारांचे होते. भुई उखणून पुन्हा चोपणे आणि सारवणे, कपड्यांच्या गाठोड्यांत वेखंड ठेवणे, रुमाल सोडून कागद उन्हात पसरणे, कडुनिंबाचा आणि निर्गुडीचा धूर करणे, पाटीत कळीचा चुना घालून ती कोपऱ्यात ठेवणे आणि तो ओल पिऊन फुटला की बदलणे, ही कामे वर्षामागून वर्षे कोणाच्या जमाखर्चात न येता होत राहिली. कित्येक मोडी कागद आज वाचता येतात याचे श्रेय कागदाच्या प्रतीइतकेच त्यांना आहे, आणि ते कोणी दिलेले नाही याचे मला वाईट वाटते. ऊद-धुपाने वास झाकला जातो, ओल जात नाही, हे या स्त्रियांना नीट ठाऊक होते. म्हणून धुपाआधी खरवडणे आणि खरवडण्याआधी ऊन, हा क्रम त्या मोडत नसत.

ही व्यवस्था मोडली ती एकाएकी नव्हे. 1876-77 च्या भीषण दुष्काळानंतर लवकरच, 1878 मध्ये, दौंड-मनमाड लोहमार्ग नगर शहरावरून सुरू झाला. धान्य गाडीने येऊ-जाऊ लागले, भाव आडतेबाजारात ठरू लागला, आणि तीन वर्षांची ज्वारी भुईत पुरून बसण्यापेक्षा ती विकून रोकड करणे व्यापाऱ्याला आणि सावकाराला सोयीचे वाटू लागले. पुढे प्लेगाच्या वर्षांत अंधाऱ्या, बिनहवेच्या खोल्यांकडे आरोग्यखाते आणि सुशिक्षित दोघेही संशयाने पाहू लागले. पेवाची मोठी हानी मात्र पाण्यानेच केली. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पुरे झाले, प्रवरेचे कालवे राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या भागांत फिरले, ऊस आला, आणि 1950 मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. या पाण्याने लाखो माणसांचे दैन्य फिटले. त्याविषयी तक्रार करण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु बारमाही पाण्याखाली जमिनीतील पाण्याची पातळी वर चढते. निचरा नसलेल्या कालव्याच्या शेतजमिनी कोठे कोठे चोपण झाल्या, आणि जेथे पाणी असे वर आले तेथे दहा हात खोल पेवाला कोरडे राहणे शक्य उरले नाही. पैठणचे जायकवाडी धरण 1976 मध्ये पुरे झाल्यावर शेवगाव आणि नेवासे तालुक्यांतील काही गावांची पांढरीच त्याच्या नाथसागर जलाशयात गेली. विस्थापितांना नवी घरे मिळाली; त्या नव्या गावठाणात पेव खणण्याचे प्रयोजन कोणालाही नव्हते, आणि 1972 चा दुष्काळ तर रेशनच्या दुकानातील धान्यावर निघालेला होता.

चुन्याची जागा याच काळात सिमेंटने घेतली. हिंदुस्थानात पोर्टलँड सिमेंट 1914 पासून बनू लागले, आणि स्वातंत्र्यानंतर ते खेड्यापर्यंत पोचले. सिमेंटचे गुण थोर आहेत; नव्या तळघराला बाहेरून जलरोधक लेप देऊन आणि पायथ्याशी पाण्याचा निचरा करून सिमेंट-काँक्रीटची पेटी बांधली, तर ती उत्तम कोरडी राहते. चूक होते ती जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देण्यात. दगड-मातीची जाड भिंत भुईतून ओल वर ओढीतच असते. चुन्यातून ती बाहेर पडत होती, सिमेंट तिला अडविते. मग ती ओल सिमेंटच्या मागून आणखी वर चढते, तळघराच्या छताच्या तुळईच्या टोकाशी, ओसरीच्या खांबाच्या बुडाशी पोचते, लाकूड कुजते, आणि घरधनी म्हणतो की पूर्वी एवढी ओल नव्हती. ते खरे असते.

नगरच्या जुन्या पेठांत असे वाडे अद्याप आहेत, आणि नव्या वस्त्यांत दुकानांची व घरांची नवी तळघरेही झाली आहेत. दोन्हींकडे पहिला प्रश्न एकच, की ओल भिंतीतून येते की हवेतून. भिंतीवर प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. त्याच्या मागे पाणी दिसले तर ते भिंतीतून येते आहे, पुढच्या अंगावर दिसले तर ते हवेतले. हवेतले असेल तर आषाढ-श्रावणात झरोके मिटणे आणि थंडीच्या पहाटे ते उघडणे हा जुना नेम आजही तसाच लागू पडतो. भिंतीतले असेल तर आधी बाहेरची पन्हळ, उतार आणि मोरी पाहावी. ती दुरुस्त झाल्याशिवाय आत हात लावू नये. मग आतील सिमेंट ओलीच्या रेषेच्या वर हातभर उंचीपर्यंत काढून भिंत उघडी ठेवावी, एक पूर्ण उन्हाळा तिला द्यावा. वर आलेला लोणा कोरड्या कुंच्याने झाडून बाहेर टाकावा, पाण्याने धुऊ नये, कारण धुतलेला क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच मुरतो. त्यानंतर चुन्याचा गिलावा, आणि फडताळे भिंतीला न टेकता चार बोटे पुढे. उन्हाळा पुरा होऊ न देता मृगाच्या तोंडावर घाईने गिलावा उरकला, तर भिंतीत राहिलेली ओल पुढच्या चैत्रात तोच पांढरा फुलोरा पुन्हा बाहेर आणते.